आपली माणसं कशी शोधावीत: बार्शीकरांसाठी मार्गदर्शन

तुम्ही ट्रान्स आहात, गे आहात, लेस्बियन आहात, की अजून ठरायचंय, आणि गावात जीव घुसमटतोय? मग पुण्याला जा. तिथं आपली कम्युनिटी आहे. फक्त तयारीनं जा.

आधी पैसे. आपुलकी फुकटच असते, पण ती कोरेगाव पार्कातल्या कॅफेत भरते आणि तिथं कॉफी तीनशे वीस रुपयांना पडते. नुसतं पाणी पिऊन बसलात तर वेटर आपुलकी दाखवत नाही.

ग्रुपात घ्यायच्या आधी फोटो, इन्स्टाचं खातं आणि ओळखीची दोन माणसं मागतील. (खोट्या खात्यांवरून पैसे उकळणारे असतात, ते मान्य.) पण 'माझं लिंग मी सांगेन ते, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ च्या नालसा निकालात म्हटलंय' वगैरे ॲडमिनला ऐकवू नका. कोर्टाला फक्त निकाल द्यायचा होता, ॲडमिनला ग्रुप चालवायचाय.

आडनाव विचारतील. सहजच.

डेटिंग ॲपवर 'बायकी नको, जाडे नको' वाचून वाईट वाटून घेऊ नका. ती पसंती असते. भेदभाव बार्शीत करतात.

आता भाषा. गेल्या रविवारी मी गेलो. पहाटेची एसटी, पाच तास. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि माझ्या आधारवर अजून 'स्त्री' आहे. कंडक्टरनं एकदा बघितलं, 'कुठं, दादा?' म्हणाला आणि पूर्ण तिकीट दिलं. जास्तीचे पैसे इतक्या आनंदानं मी कधी भरले नव्हते.

कॅफेत शर्टावर लावायला स्टिकर मिळाला. नाव आणि प्रोनाउन, म्हणजे 'he' की 'she', इंग्रजीत. अहो, मराठीत 'मी' सगळ्यांचा सारखाच. भानगड क्रियापदाची असते. आलो की आले, बसलो की बसले. म्हणून घरी मी वर्षानुवर्षं 'जेवण झालं', 'काम आटोपलं' असलीच वाक्यं बोलतो. त्या दिवशी गोलात माझी पाळी आली. उभा राहिलो आणि वीसेक अनोळखी माणसांसमोर, जन्मात पहिल्यांदा, मोठ्यानं म्हणालो, 'मी बार्शीवरनं आलो.'

'इंग्लिश, प्लीज? म्हणजे सगळ्यांना कम्फर्टेबल वाटेल.'

सगळ्यांना! निम्मे कोथरूडचे होते! म्हटलं, आय केम फ्रॉम बार्शी. काय आहे त्या 'केम'मध्ये? आलोही नाही, आलेही नाही. इतकी वर्षं गिळलेला 'लो' तोंडातून बाहेर पडला होता, तो परत गिळला. वर एकजण म्हणाला, 'सो क्यूट, युवर ॲक्सेंट!'

आता सल्ले पुरे. पुण्यातल्या ग्रुपवाल्यांनो, लाज वाटू द्या जरा. घरच्यांनी 'असं बोलू नकोस' म्हणून गप्प बसवलं, याच्या कहाण्या तुम्हीच माइकवर सांगता ना? मग मला काय केलंत? मराठी न कळणारे दोघं होते, त्यांच्या शेजारी बसून कानात सांगायला एक माणूस मिळाला नाही? संभाजी बागेत सतरंजी टाकून बसायला काय धाड भरलीय? बार्शीतली अजून एक पोरगी तुमच्या ग्रुपाचं नाव विचारतेय. मी तिला अजून दिलेलं नाही.

आणि ती तीनशे वीसची कॉफी गारढोण होती.