तीन बिजागऱ्या

गोदावरीला पूर किती आला हे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतो. आज गुडघ्यापर्यंत, आज कमरेपर्यंत, आज छातीला लागलं. मला त्यासाठी गोदाघाटावर जावं लागत नाही. आमच्या बाथरूमचं दार चौकटीला घासायला लागलं की मारुतीचे पाय भिजले असं खुशाल समजावं. या श्रावणात मात्र ते नुसतं घासलं नाही. वरच्या कोपऱ्यातून सुटून पुढं कललं आणि पंगतीत गुडघे धरून बसलेल्या व्याह्यासारखं फरशीला टेकलं, ते उठेचना.

त्यात आत्या आलेली. तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी ती चुकवत नाही, आणि फेरीच्या आधी आठ दिवस नि नंतर आठ दिवस पाय आमच्याकडे विश्रांती घेतात.

मिस्त्रींनी दार दोन हातांनी उचलून पाहिलं. "वरची बिजागरी गेली, भाऊ. बाकीच्या दोन्ही सडल्यात. तीन घेऊन या." मी "कुठल्या?" असं विचारलं नाही. वयाच्या बावन्नाव्या वर्षी बिजागरी कुठली म्हणून विचारणं मला कमीपणाचं वाटलं. मिस्त्रींनी दार उतरवून गॅलरीत उभं केलं, जुन्या बिजागऱ्या स्वतःच्या पिशवीत टाकल्या आणि ते गेले. नमुना गेला हे माझ्या लक्षात यायला बाजारातला रविवार कारंजा चौक यावा लागला.

हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर एक पोरगा होता. म्हणालो, "तीन बिजागऱ्या द्या."

"दाराच्या का कपाटाच्या, काका?"

"दाराच्या."

"चार इंची का पाच इंची? जाडी किती देऊ? दार फ्लश का लाकडी? चौकट लाकडाची का ग्रॅनाइटची? बेरिंगची देऊ? का पार्लमेंटची?"

मुलगी बघायला गेलो तेव्हाही मला इतके प्रश्न पडले नव्हते. मी पार्लमेंट निवडलं, कारण तेवढा एकच शब्द ओळखीचा होता. त्यानं इंग्रजी एचसारखा एक रुंद प्रकार समोर ठेवला. ही बिजागरी दाराला चौकटीपासून लांब धरते, त्यामुळं दार कडेची पट्टी ओलांडून सरळ भिंतीला जाऊन टेकतं. म्हणजे सभात्यागच. आमच्या बाथरूमच्या त्या भिंतीला वॉशिंग मशीन आहे. पार्लमेंट तहकूब केलं.

मग धातू. "तीनशे चार घ्या, काका. दोनशे दोन ओल्यात डाग धरते." मला वाटलं, रुपये. ते स्टीलचे नंबर निघाले. तीनशे चारमध्ये निकेल जास्त, म्हणून गंजायची भीती कमी. दोनशे दोनमध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं, म्हणून स्वस्त. दिसायला दोन्ही जुळ्या बहिणी. पण मी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. मेहुण्यानं फोनवर युक्ती सांगितली होती, म्हणून फ्रिजवरचं त्र्यंबकेश्वरचं लोहचुंबक खिशातून नेलं होतं. ते मी ऐटीत काढून तीनशे चारला लावलं. चिकटलं नाही. "बघा, अस्सल!" मी म्हणालो. पोरग्यानं काही न बोलता दोनशे दोनची बिजागरी पुढं सरकवली. तिलाही चिकटलं नाही. "दोन्हींना नाही लागत, काका. बिलावर लिहून देतो, तेच खरं." मागं उभ्या असलेल्या प्लंबरनं तोंड वळवलं, पण खांदे हलत होते.

मोठं ते चांगलं या हिशोबानं मी पाच इंची घेतल्या. खाच चार इंची होती. दुसरी फेरी. चार इंची आणल्या, त्यांच्यासोबत आलेले स्क्रू साधे लोखंडी. "पैठणीला सेफ्टी पिन लावता का, भाऊ?" मिस्त्री म्हणाले. तिसरी फेरी. तोवर आत्याच्या ब्रह्मगिरीपेक्षा माझी प्रदक्षिणा मोठी झाली होती, आणि पुण्य शून्य.

इकडं दाराच्या जागी सोलापुरी चादर. चादरीला कडी नसते, म्हणून घरानं आपोआप नियम पाडून घेतले. आत असताना मी खोकायचो. चिरंजीव मोबाइलवर गाणी लावायचे. बायको "आहे मी!" असं दर अर्ध्या मिनिटाला जाहीर करायची. आत्या मोठ्यानं रामनाम घ्यायची. पहाटे पाचला "श्रीराम जय राम" सुरू झालं की खालच्या मजल्यावरचे आजोबा अंथरुणातूनच हात जोडत, असं त्यांनी स्वतः सांगितलं.

आत्याला या सगळ्याचं नवल. भद्रकालीतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या दारांना बिजागऱ्याच नव्हत्या. फळीलाच वर-खाली खुंट्या ठेवलेल्या, खालची दगडाच्या खळग्यात बसायची. दिवाळीला तेलाचं बोट लावायचं, संपलं. रात्री कुणी उशिरा आलं की दार असं कण्हायचं की सगळ्या गल्लीला वेळ कळायची. माझ्या वडिलांचं चारित्र्य त्या दारानं राखलं, असं आत्याचं मत आहे.

शेवटी मिस्त्री आले. चौकटीतली सैल झालेली भोकं त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल घालून बुजवली. काम करता करता शास्त्र सांगितलं: दाराचं ओझं वरच्या बिजागरीला बाहेर ओढतं, खालचीला आत दाबतं, मधली नुसती दाराला बाक येऊ देत नाही. "वरची म्हणजे मी," बायको म्हणाली. मधली कोण हे मी विचारलं नाही.

दार बसलं. एका बोटानं ढकललं तर लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं. आवाज नाही, घासणं नाही. मी सात-आठ वेळा उघडलं नि मिटलं. मग कडी सरकवली, तर ती भोकाच्या अर्धा बोट वरती.

"बरोबरच आहे," मिस्त्री हत्यारं आवरत म्हणाले. "दार आता सरळ झालं. कडी तुम्ही लोंबलेल्या दाराच्या मापानं लावलेली. ते काम वेगळं, भाऊ. गुरुवारी येतो."

कुठल्या गुरुवारी हे विचारायला मी जिन्यापर्यंत गेलो. तेवढ्यात नव्या, सरळ, न कुरकुरणाऱ्या दाराआडून रामनाम सुरू झालं.