शंभर शब्द जुळले म्हणजे बोली कळली असं नाही

बोलींची तुलना कशी करायची, यावरच्या एका लेखात म्हटलंय की, स्वदेश यादीतले (म्हणजे भाषातज्ज्ञ मॉरिस स्वदेश यांनी केलेल्या रोजच्या मूळ शब्दांच्या यादीतले) शब्द जुळवले की दोन बोली किती जवळच्या ते कळतं. शब्द किती सारखे, एवढंच त्यातून कळतं. माणसाला माणूस किती समजतो, ते वेगळंच.

आम्ही सोलापूरचे, माझी जाऊ मालवणची. एकदा तिनं पोराला शोधत विचारलं, ‘माझो झील खंय गेलो?’ मालवणीत ‘झील’ म्हणजे मुलगा, पण सासूबाईंना हिंदीतलं ‘झील’, म्हणजे तळं वाटलं, ‘कंबर तलावाकडं का गं?’ म्हणाल्या, तो आमच्या सोलापुरातला तलाव. त्या वाक्यातला ‘जाणे’ यादीत जुळेल, पण ‘गेलो’ आमच्याकडं ‘मी’चं, तिच्याकडं ‘तो’चं. घोटाळा तिथंच होतो. आमचं ‘काय करायलास?’ मात्र तिला लगेच कळलं, कारण शाळेतली मराठी तिच्या कानावर होती. म्हणजे समज दोन्ही बाजूंनी सारखी नसते. पोर्तुगीज माणसाला स्पॅनिश जितकी कळते, तितकी स्पॅनिश माणसाला पोर्तुगीज कळत नाही, तसंच हे.

शब्द जुळवण्यापेक्षा त्या बोलीतली गोष्ट ऐकवून, किती कळली ते प्रश्न विचारून बघायची पद्धत मला पटते. पण ऐकणारा निवडताना फार जपायला हवं. सोलापुरातल्या तेलुगू वस्तीच्या पूर्व भागात वाढलेल्या मराठी पोराला तेलुगू कळते, ती शेजारामुळं. तेलुगूचं भाषाकुळ तर साफ वेगळं, द्राविडी! तसंच आमच्या दखनीत, म्हणजे इकडच्या उर्दू बोलीत, ‘नक्को’ आणि जोर द्यायचा ‘च’ मराठीतूनच गेलाय. सोलापुरात चाचणी घ्यायची तर आधी विचारा, गल्लीत कोण राहतं?