लाडू, १२ तुकडे

यंदा दिवाळीच्या बरंच आधी आमच्या घरातून पहिलं छापील बिल बाहेर पडलं, त्यावर लिहिलं होतं : ‘बेसन लाडू, १२ तुकडे. सदनिका सूट १० टक्के. बदल ४० रुपये.’

गिऱ्हाईक होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. त्यांनी दारातच डबा उघडून लाडू मोजले. बारा भरले, एकही फुटलेला नव्हता. मग बिल लांब धरून म्हणाल्या, “सदनिकेला सूट म्हणजे बंगलेवाल्यांना नाही वाटतं?”

आमची ही डोंबिवलीत घरगुती फराळ करून विकते. इतकी वर्षं तिचा सगळा हिशोब एका निळ्या वहीत असायचा आणि वहीत नसलेला डोक्यात असायचा. यंदा मुलाने हट्टाने तिला बिलिंगचं एक ॲप घेऊन दिलं, वर्षाची वर्गणी भरली आणि तो बंगळुरूला परत गेला. जाता जाता म्हणाला, “आई, वेबसाइटवर एक पान आहे. तिथे तुला हवं तसं ॲप करून घे. मराठीत आहे, बाबा आहेतच.”

बाबा म्हणजे मी. चौतीस वर्षं मुद्रितशोधन केलेला माणूस. दुसऱ्याच्या चुका काढण्याचा पगार घेऊन निवृत्त झालो. त्यामुळे त्या पानाचं मथळ्यातलं ‘तुमचे ॲप सानुकूलित करा’ हे वाक्य मला व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाटलं. हिने ते तीनदा वाचलं आणि विचारलं, “अहो, पण हे कुणाला अनुकूल?”

पानाची रचना अशी की डावीकडे पन्नासेक प्रश्न आणि उजवीकडे बिलाचा नमुना. प्रश्न भरत जावं तसं बिल बदलत जातं. कल्पना चांगली आहे, खोटं कशाला बोला. पण बिलाचे तीन भाग केले होते : डोके, शरीर आणि पाय. दुकानाचं नाव डोक्यात घालायचं, माल शरीरात आणि ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे पायात. ‘डोके उजवीकडे हवे की डावीकडे’ या प्रश्नाला पर्याय होते ‘बरोबर’ आणि ‘सोडले’. खिडकी बंद करायच्या फुलीवर बोट ठेवलं की अक्षरं उमटायची, ‘जवळ’. आणि पन्नास प्रश्नांच्या तळाशी लाल रंगात एकच आर्त हाक : ‘वाचवा’.

त्या ‘वाचवा’ला अगदी चिकटून, त्याच रंगाचं, त्याच मापाचं दुसरं बटण होतं, ‘रीसेट’. दीड तास खपून हिने सव्वीस पदार्थ, त्यांचे भाव, पाव किलोचे वेगळे आणि अर्ध्या किलोचे वेगळे, असं सगळं भरलं. मधल्या एका रकान्याने पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक मागितला. आमच्याकडे तो नाही आणि ‘नाही’ म्हणायची सोय त्या रकान्यात नाही. शेवटी हिने तिथे स्वतःचा मोबाइल नंबर आणि पुढे पाच शून्यं टाकली. मग कणकेचं बोट ‘वाचवा’कडे निघालं आणि अर्ध्या बोटाच्या अंतराने चुकलं.

पान कोरं झालं. विचारलंसुद्धा नाही. एरवी ते उठसूट विचारायचं. बिल रद्द करायला गेलं की ‘तुम्हाला नक्की रद्द करायचे आहे का?’ असा प्रश्न यायचा आणि खाली दोन बटणं असायची, ‘रद्द करा’ आणि ‘रद्द’. पहिल्याने बिल रद्द होतं की रद्द करणं रद्द होतं, याचा निकाल आम्ही दहा रुपयांच्या खोट्या बिलावर प्रयोग करून लावला. ते खोटं बिल अजून हिशोबात आहे.

त्या रात्री मी कंपनीला मेल लिहिली. मुद्दे त्रेसष्ट. प्रत्येकासमोर चूक, दुरुस्ती आणि जिथे राहवलं नाही तिथे शेरा. वाटलं होतं, ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’ असं उत्तर येईल आणि नोंद घेणाऱ्याला मराठी येत नसेल. पण चौथ्या दिवशी फोन आला. नांदेडकडचा मुलगा, आवाजात नुकतंच मिसरूड फुटलेलं. “काका, तुमची मेल आख्ख्या टीमने वाचली. हसून हसून मेलो. आमचं मराठी मशिनने केलंय. तुम्हीच करून देता का? फाइल पाठवतो.”

फाइलमध्ये अकराशे चाळीस ओळी होत्या. डावीकडच्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजवीकडे मी भरायची मोकळी जागा. कुठला शब्द कुठल्या पानावर, कुठल्या बटणावर येणार याचा पत्ता नाही. ‘ऑर्डर’ हा शब्द सहा ठिकाणी होता. ती गिऱ्हाइकाची मागणी, मालाचा क्रम की मॅनेजरचा हुकूम, हे फाइलने स्वतःशीच ठेवलं होतं. मशिनला हसलो होतो, आता त्याची थोडी कीव आली. अंधाऱ्या खोलीत एकेक वस्तू हातात देऊन ‘ओळखा’ म्हटलं, तर मीही ‘फ्लॅट’ला सदनिकाच म्हटलं असतं. डोंबिवलीत राहून दुसरं काय सुचणार?

आणि त्यात जागोजागी घाण होती. वाक्याच्या मध्येच महिरपी कंस, कंसात शून्य. कुठे टक्क्याच्या खुणेला चिकटून एखादं भरकटलेलं अक्षर. प्रेसमध्ये असा मजकूर आला की आम्ही जुळाऱ्याला हाक मारायचो. मी सगळी घाण हाताने वेचून काढली, दोन दिवस लागले. पुढच्या आठवड्यात नांदेडकराचा फोन, या वेळी हसू नव्हतं. “काका, ते कंस कुठे गेले?” त्या शून्याच्या जागी म्हणे संगणक स्वतः नाव घालतो. माझ्या साफसफाईमुळे चाचणीच्या ॲपमध्ये सगळ्यांना नुसतंच ‘यांचे बाकी आहेत रुपये’ दिसत होतं. कुणाचे, किती, काही नाही.

कंस परत घातले. आता शब्दांकडे वळलो, आणि माझ्या अंगात परंपरा संचारली. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंत्यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला, राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. सुरनीसाचा सचिव झाला, मुजुमदाराचा अमात्य. सावरकरांनी दिनांक दिला, क्रमांक दिला, महापौर दिला. त्या रांगेत शेवटी का होईना, उभं राहायची संधी डोंबिवली पूर्वेला चालून आली होती. ‘हेडर’ला मी ‘अग्रशीर्ष’ केलं. ‘प्रिंट प्रिव्ह्यू’ला ‘मुद्रणपूर्व दर्शन’. ‘राउंड ऑफ’ला ‘पूर्णांकन’. ‘रीसेट’ला ‘मूलस्थितिस्थापन’. हा शेवटचा झाल्यावर मी उठून चहा करून घेतला.

नांदेडकर म्हणाला, “काका, भारी आहेत. पण बटणात बाराच अक्षरं मावतात.”

“मग? मुद्रणपूर्व दर्शन आठच आहेत. मोज.”

“सतरा आहेत काका.”

आमचा पाऊण तास वाद झाला. मी ‘द्र’ एक धरत होतो. संगणक त्याला द, हलन्त आणि र असे तीन धरतो. काना, मात्रा, उकार वेगळे मोजतो आणि दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेचाही एक लावतो. म्हणजे तळपट होवो त्याचं, न लिहिलेल्या अक्षराचेही पैसे! आयुष्यभर जोडाक्षरं तपासली, पण ती अशी सुटी करून कुणी अंगावर फेकली नव्हती.

हिला हे सांगितल्यावर ती चकल्या पाडतच म्हणाली, “आठ असोत नाही तर सतरा. दर्शन देवळात घेतात.”

नांदेडकराने मग एक युक्ती सांगितली. ॲप, वेबसाइट वापरायला सोपी कशी करावी, या विद्येत जेकब नील्सन नावाचे एक जाणकार आहेत. त्यांनी २००० साली लिहून ठेवलंय की चाचणीला पाच माणसं पुरतात. मोठ्या अडचणी बहुतेक तेवढ्यातच उघड्या पडतात. मला ते लगेच पटलं. पाचामुखी परमेश्वर आपल्याकडे आधीपासून आहेच. त्याने पुढे ॲपलच्या लिसाची गोष्ट सांगितली. १९८३ मध्ये बाजारात आलेला तो संगणक. तयार होत असताना त्याच्या खिडकीत होकाराचं बटण होतं ‘डू इट’. चाचणीला बसलेला एक जण ते बघून चिडला. दोन इंग्रजी शब्दांमधली मोकळी जागा त्याला दिसली नाही आणि मोठा ‘आय’ छोट्या ‘एल’सारखा दिसला, म्हणून त्याने ते ‘डोल्ट’ वाचलं होतं, म्हणजे ठोंब्या. मशिन आपल्याला ठोंब्या का म्हणतंय, हे काही त्याला कळेना. मग तिथे ‘ओके’ आलं. गोष्ट ऐकून मला त्या अनोळखी माणसाबद्दल फार जिव्हाळा वाटला.

आमचे पाच म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, त्यांचा नातू, इस्त्रीवाला, नाक्यावरचा वाणी आणि घरची मालकीण. शर्त अशी की मी शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. हा नियम ज्याने केला त्याला मुद्रितशोधक कसा असतो याची कल्पना नसावी.

वाण्याने ‘पूर्णांकन’वर बोट ठेवून विचारलं, “हे काय, परीक्षेचं?” मी ओठ दाबून बसलो. खालच्या बिलात ४९९ रुपये ६० पैशांचे ५०० झालेले पाहून तो म्हणाला, “हां, राउंड ऑफ. मग तसं लिहा ना राव.” काकू ‘अग्रशीर्ष’ वाचून थांबल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या की त्यांच्या माहेरी या नावाचा एक काढा असायचा. इस्त्रीवाल्याने ‘उर्वरित देय रक्कम’ ओलांडून थेट विचारलं, “उधारी कुठे लिहायची?” ‘मूलस्थितिस्थापन’ नातवाला वाचायला दिलं. त्याने दोनदा प्रयत्न केला आणि मग ते दाबूनच पाहिलं.

सव्वीस पदार्थ पुन्हा गेले.

सावरकरांचं सगळंच कुठे टिकलं, असं मी स्वतःला समजावलं. महापौर राहिला, पण कायद्याला सुचवलेला ‘निर्बंध’ कायद्याच्या कामी नाही आला. तो घरोघरी पोचला करोनात, वेगळंच काम घेऊन. आणि पेशव्याला पंतप्रधान म्हणायचं ठरलं होतं, पण पुढची शंभर वर्षं लोकांच्या तोंडी पेशवेच राहिले. रांगेतून मी हळूच बाहेर पडलो.

मग दोन दिवस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात वही घेऊन बसलो आणि ही काय बोलते ते लिहून घेतलं. ‘पीस’ला ती नग म्हणते. बदलाला सुट्टे. ‘आउटस्टँडिंग’ला ‘राहिलेत’. ‘हेडर’ला ती काहीच म्हणत नाही, ‘वरती दुकानाचं नाव’ म्हणते, आणि तिथे दुसरं काही येतही नाही. ‘रीसेट’ आता पानाच्या पार खालच्या कोपऱ्यात, करड्या रंगात आहे आणि त्यावर ‘सगळं पुसा’ असं लिहिलंय. दाबलं की ते विचारतं. उत्तराला दोन बटणं आहेत : ‘हो, पुसा’ आणि ‘नको, राहू दे’. हे दुसरं मी संगणकाच्या रीतीने मोजलं, स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा धरून. बरोब्बर बारा. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतकं समाधान मला एकाही ओळीने दिलेलं नाही. जीएसटीच्या रकान्याला ‘नाही’ मिळालं. ‘वाचवा’चं ‘जतन करा’ झालं. मला ‘ठेवा’ हवं होतं, पण टीमला ते फार घरगुती वाटलं.

एकच गाठ सुटेना. पदार्थ यादीतून काढताना ॲप विचारायचं, ‘चिवडा ला काढून टाकायचे का?’ आता हे मराठी बोलणाऱ्या माणसाला कसं सहन व्हावं? चिवड्याला, लाडवाला, अनारशांना. प्रत्येक शब्द प्रत्यय लागण्याआधी अंग चोरतो, आणि त्या कंसातल्या शून्याला अंग चोरता येत नाही. त्यात चकली ‘काढायची’, चिवडा ‘काढायचा’, शंकरपाळे ‘काढायचे’. नांदेडकर म्हणाला, इंग्रजीत हा त्रास नाही. मी म्हटलं, इंग्रजीत चिवडाही नाही. रात्री साडेअकराला मला उपाय सुचला. नावाला हातच लावायचा नाही. ते अवतरणात ठेवायचं आणि पुढे सामान्यरूपाचं ओझं वाहायला एक हमाल द्यायचा : ‘‘चिवडा’ हा पदार्थ यादीतून काढून टाकायचा?’ चकली असो, अनारसे असोत, वाक्य तेच. मी तिथल्या तिथे फोन केला. तो जागाच होता. म्हणाला, “काका, एक नंबर. उद्याच टाकतो.”

टाकलं. कोजागरीला नवं ॲप आलं. हिने सव्वीस पदार्थ तिसऱ्यांदा भरले, या वेळी वीस मिनिटांत आणि एकदाही हाक न मारता. मी आतल्या खोलीत उगाच पेपर चाळत बसलो. मग ती गिऱ्हाइकांच्या यादीकडे वळली. तिथे काकूंचं नाव दोनदा पडलं होतं, त्यातलं एक काढायचं होतं. आणि हाक आली.

“अहो, हे बघा काय विचारतंय.”

यादीतून काहीही काढायचं असलं तरी ॲप तेच वाक्य वापरतं, हे मला नांदेडकराने सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. पडद्यावर होतं : ‘‘काकू तिसरा मजला’ हा पदार्थ यादीतून काढून टाकायचा?’

खाली माझी दोन बटणं.

ही थोडा वेळ बघत राहिली. मग विचारलं, “त्यांचे राहिलेत किती?”

“सातशे चाळीस.”

तिने पदराला हात पुसला आणि ‘नको, राहू दे’ दाबलं.