बेदाणा हा शब्द जीए हार्मोनपेक्षा जुना आहे

द्राक्षाचा हंगाम आला की तोच मेसेज फिरतो: बिनबियांची द्राक्षं हार्मोनच्या इंजेक्शनने होतात, त्याने जनुकं बदलतात आणि तेच हार्मोन पोटात जाऊन मुली लवकर वयात येतात.

इंजेक्शन कुणी देत नाही. घड जिबरेलिक ॲसिड या वनस्पतींच्या वाढीच्या हार्मोनच्या, बागायतदारांच्या भाषेत जीएच्या, पातळ द्रावणात बुडवतात किंवा त्यावर फवारतात.

बी जीएमुळे जातं, ही तर उलटी गंगा. बी नाही म्हणून जीए लागतं. एरवी मणी फुगवणारं जिबरेलिन (जीए त्याच कुटुंबातलं) कोवळ्या बियाच पुरवतात. थॉम्पसन या बिनबियांच्या जातीत फलन होतं, पण बी अर्ध्यातच खुंटतं. इतर जनुकं चालू-बंद करणाऱ्या एमएडीएस-बॉक्स कुटुंबातल्या एजीएल११ जनुकातला एक बदल त्याच्या मुळाशी आहे, आणि तो निसर्गात झालेला. ही जात कॅलिफोर्नियात १८७२ च्या सुमारास पोचली. जपानी शास्त्रज्ञ कुरोसावांनी तैवानमध्ये भाताच्या रोगातून जीएचा माग काढला तो १९२६ साली! आणि आपला बेदाणा? फारसी बे-दाना, म्हणजे बी नसलेला.

एक मात्र कबूल: जपानात डेलावेअर जातीचे घड फुलोऱ्याआधी जीएत बुडवून खरोखर बिनबियांचे करतात. थॉम्पसन तशी नाही.

जनुकं बदलतात का? पेशीत डेला कुटुंबातली प्रथिनं वाढीला ब्रेक लावून बसलेली असतात. जीए आलं की जीआयडी१ हे प्रथिन ते पकडतं, डेलाला चिकटतं आणि पेशी त्या डेलाची विल्हेवाट लावते. ब्रेक सुटतो, पेशीभित्ती सैल करणारी एक्स्पान्सिन कुटुंबातली जनुकं जागी होतात, मणी फुगतो. जीए फार झालं तर ते बनवणारी जनुकं मंदावतात, मोडणारी जोर धरतात. जनुकाचं अक्षर एकही हलत नाही. त्याच वेलीवरचा न बुडवलेला घड बारीक राहतो, बागेत जाऊन बघा. डेलाचं जनुक खरंच बदलतं तेव्हा काय होतं, ते पिनो म्यूनिए या द्राक्षाच्या जातीत दिसलंय: तिच्या बाह्य थरातल्या पेशींपासून वाढवलेला वेल बुटका राहिला आणि तणाव्यांच्या जागी घड धरू लागला.

मुलींच्या वयात येण्याशी संबंध इस्ट्रोजेनचा. ते स्टेरॉइड, जीए तसं नाही, आणि जीए ओळखणारं जीआयडी१ माणसात नाहीच. 'हार्मोन' हे नाव तेवढं सारखं. जिबरेलिन तर मेथीच्या जुडीतही असतं.

द्राक्षवाल्याला विचारायचंच असेल तर कीडनाशकाची शेवटची फवारणी काढणीच्या किती दिवस आधी झाली, ते विचारा.