इमेज एकदाच बिल्ड करा
लेखात स्टेजिंग (चाचणीची जागा) आणि प्रॉडक्शनसाठी (ग्राहक वापरतात ती जागा) डॉकर इमेज, म्हणजे अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला गठ्ठा, वेगवेगळी बिल्ड करायला सांगितलंय, ते कृपया बदला. दोन बिल्डच्या मधल्या वेळात बेस इमेज (जिच्यावर आपली इमेज रचतो ती) किंवा एखादं पॅकेज बदललं, की टेस्ट झालेली इमेज एक आणि ग्राहकापुढे गेलेली दुसरीच. एकदाच बिल्ड करा, कमिट हॅशचा (कोडच्या त्या आवृत्तीच्या ओळख-क्रमांकाचा) टॅग द्या आणि तीच इमेज पुढे न्या. फरक फक्त एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये (बाहेरून दिलेल्या सेटिंग्जमध्ये). ‘लेटेस्ट’ टॅग तर नकोच. टॅग तोच राहिला तर मॅनिफेस्टमध्ये (काय चालवायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) बदल दिसत नाही, मग कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी प्रणाली) नवे पॉड (अ‍ॅपच्या चालत्या प्रती) काढतच नाही. रोलबॅक केला (मागच्या आवृत्तीवर परत गेलात) तरी टॅग तोच, म्हणजे बिघडलेलीच इमेज परत येते. आणि हो, गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सेवेत) टाइमआउट स्वतः लिहा; नाहीतर अडकलेला जॉब ३६० मिनिटं चालू राहतो.