‘हिशेबवाल्यांमुळेच धरणं रखडली’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या वाढलेल्या खर्चावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली ‘धानपट्ट्यातला’ या नावाने एक मोठी प्रतिक्रिया आली आहे. तिचा सारांश असा : भाव वाढले म्हणून खर्च वाढला, त्यात नवल काय? विदर्भातली कामं अडली ती कॅगच्या (सरकारी खर्च तपासणाऱ्या यंत्रणेच्या) आक्षेपांमुळे आणि तुमच्यासारख्या लेखापालांमुळे. नागपुरात बसून असे आकडे छापले की मुंबईला आमचा निधी कापायला निमित्त मिळतं. आणि शेवटचं वाक्य : ‘आमच्या बांधीत (धानाच्या शेतात) पाणी कधी येणार, ते आहे का तुमच्या वहीत?’

भाऊ, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते मला लागलं आणि ते बरोबर आहे. नाही, आमच्या वहीत ते नव्हतं. विभागाचा मासिक लेखा म्हणजे रोखीचा हिशेब. कोणत्या कामावर, कोणत्या लेखाशीर्षाखाली किती रुपये गेले, एवढंच त्यात दिसतं. पैसा गेला की खर्च झाला. त्या पैशातून पाणी कुठवर पोचलं, याला रकानाच नाही.

विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ १९९७ साली झालं, त्याआधीची एक गोष्ट सांगतो. मी ज्या विभागात विभागीय लेखापाल होतो त्याचं नाव सांगत नाही. तिथे एका शाखा कालव्याचं १४ किलोमीटरचं काम होतं. पहिले ८ किलोमीटर खोदून झाले. नवव्या किलोमीटरची जमीन ताब्यात आलेली नव्हती. तरी पुढच्या ५ किलोमीटरचं काम दिलं गेलं आणि ते पूर्णही झालं. मार्च एंडला देयक, म्हणजे कामाचं बिल, माझ्या टेबलावर आलं. एम.बी.तली (मोजमाप पुस्तकातली) मापं चोख होती, दर निविदेप्रमाणे होते, बेरीज बरोबर होती. कागदावर १४ पैकी १३ किलोमीटर, म्हणजे जवळपास ९३ टक्के काम झालं होतं. पाणी मात्र आठव्या किलोमीटरच्या पुढे जाऊच शकत नव्हतं. माझी बदली होऊन मी तिथून जाईपर्यंत त्या पुढच्या ५ किलोमीटरमध्ये बाभळी वाढल्या होत्या.

त्या देयकावर मी आक्षेप लिहिला होता : जागा ताब्यात नसताना सलगता नसलेलं काम दिलं. आता तुमचा आरोप बघा, की आम्ही कामं अडवली. लेखापालाचा आक्षेप कार्यकारी अभियंत्याला लेखी शेरा देऊन डावलता येतो. मग तो आक्षेप एका नोंदवहीत चढतो आणि पैसे दिले जातात. त्या दिवशीही तसंच झालं. साहेबांची बाजूही सांगायला हवी. ३१ मार्चला निधी खर्ची पडला नाही तर तो व्यपगत होणार, म्हणजे परत जाणार होता, आणि पुढच्या वर्षी मिळेल याची हमी कोणीच देत नव्हतं. मला त्यांचा राग आला नाही, आजही नाही. पण काम अडवण्याची ताकद माझ्या पेनात होती, असं कृपा करून म्हणू नका. कॅगचं तर त्याहून स्पष्ट आहे. त्यांची तपासणी खर्च होऊन गेल्यावर होते. झालेला खर्च कोण अडवणार? आपले प्रकल्प रखडले ते भूसंपादन आणि पुनर्वसनापायी, १९८० च्या वन संवर्धन कायद्याखालच्या परवानग्यांपायी, आणि असलेला पैसा एकाच वेळी फार कामांवर पसरल्यामुळे.

आता भाववाढ. गोसीखुर्दला १९८३ साली मान्यता मिळाली ती ३७२.२२ कोटींची. २०१२-१३ च्या दरांवर सुधारलेली किंमत सुमारे १८,४९४ कोटी. मध्ये ढोबळ ३० वर्षं. वर्षाला ७ टक्क्यांनी भाव वाढले असं धरलं तर ३७२ चे होतात साधारण २,८३० कोटी. १० टक्के धरा, तरी साडेसहा हजार कोटींच्या आतच. कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः करून बघा. म्हणजे निम्म्याहून अधिक वाढ भावाने समजावता येत नाही.

उरलेली सगळी वाढ चोरी आहे, असंही मी म्हटलेलं नाही. तो अर्थ तुम्ही काढला. त्यात बुडीत गावांचं पुनर्वसन आहे. २०१३ साली प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटींचं पॅकेज मंजूर झालं. तो पैसा त्यांच्या हक्काचाच होता आणि खरं तर फार उशिरा मिळाला. त्यात वाढलेली व्याप्ती आहे, बदललेली संकल्पचित्रं आहेत, मुळात केलेल्या अपुऱ्या तरतुदी आहेत. सुप्रमाच्या, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यतेच्या, प्रस्तावात ही कारणं वेगवेगळी, रकमेसह लिहावी लागतात. माझं म्हणणं एवढंच आहे की तो तक्ता लोकांनी वाचावा. ‘भाव वाढले’ या दोन शब्दांत तो गुंडाळला, तर कोणाकडून काय चुकलं हे कधीच कळणार नाही, आणि तोच नववा किलोमीटर पुढच्या प्रकल्पात पुन्हा राहील.

उशिराचा खर्च तर त्या तक्त्यातही नाही. १ कोटीचा कालवा २० वर्षं कोरडा राहिला, तर ८ टक्क्यांनी त्या पैशाची किंमत ४ कोटी ६६ लाख होते. शिवाय तेवढी वर्षं तुमच्या वडिलांनी पावसाच्या भरवशावर पऱ्हे (धानाची रोपं) टाकले, एका पाण्यासाठी उभा धान गेला, त्याची नोंद कोणी करायची?

निधी कापला जाण्याची भीती मी समजू शकतो. दांडेकर समितीपासून आपण अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, मोजतो आहोत, आणि राज्यपालांच्या निधीवाटपाच्या निर्देशांमुळे विदर्भाचा वाटा ठरायला लागला. पण वाटा ठरलेला असेल, तर एका कालव्यात वाया गेलेला रुपया मुंबईचा नसतो. तो आपल्याच दुसऱ्या एखाद्या तलावाचा असतो. म्हणून विदर्भाच्या माणसानेच हे आकडे आधी मागायला हवेत. आणि नागपुरात बसून लिहितो म्हणता, तर इथल्या नळाला पेंचचं पाणी येतं. ज्या प्रकल्पाच्या कालव्यांवर शेतकरी अवलंबून आहेत त्याच प्रकल्पाचं. हे लिहिताना मला त्याचा विसर पडत नाही.

पाणीपट्टीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय की हा वाढीव खर्च शेवटी शेतकऱ्याच्या माथी येणार. तसं नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याप्रमाणे पाणीपट्टीतून व्यवस्थापन आणि देखभाल-दुरुस्तीचा खर्च निघावा अशी अपेक्षा आहे, धरण बांधण्याचा नाही.

आता तुमच्या बांधीकडे येतो. पैशाची वही विभागात असते. पाण्याची वहीसुद्धा असते : जलसंपदा विभागाने प्रकल्पनिहाय जललेखा आणि सिंचन स्थितिदर्शक अहवाल काढलेले आहेत, किती दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी आलं, किती वापरलं, किती क्षेत्र भिजलं. दोन्ही वह्या शेजारी ठेवून कोणी वाचत नाही, ही माझी तक्रार आहे आणि त्या लेखाचा विषयही तोच होता. माहितीच्या अधिकारात तुमच्या वितरिकेचा (शेताकडे पाणी नेणाऱ्या लहान कालव्याचा) साखळी क्रमांकानुसार, म्हणजे अंतराच्या टप्प्यांनुसार, तक्ता मागा : कोणत्या टप्प्याची जमीन कधी ताब्यात आली, काम कधी झालं, देयक कधी दिलं, आणि त्या टप्प्यातून पहिल्यांदा पाणी कोणत्या तारखेला सोडलं. या चार तारखा एका ओळीत आल्या की तुमचा नववा किलोमीटर कुठे आहे ते दिसेल.

वितरिकेचं आणि गावाचं नाव खाली लिहा. अर्जाचा मसुदा मी करून देतो, आणि उत्तर आलं की तो तक्ता आपण दोघं मिळून वाचू.