स्टिकर मागे लावा ना भो!

अरे काय भो, घोस्ट रायडर कॉमिकचं कव्हर आहे ते, त्या पेटलेल्या कवटीवरच किमतीचं स्टिकर चिकटवायला हात कसा धजतो तुमचा? मागे जागा नाही का? १९७२च्या पहिल्या कव्हरवर चित्रकार माईक प्लूगने ती आग काढली ती माणूस लांबूनच थबकावा म्हणून, आणि इथे जळगावात मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की गोंद असा वितळून बसतो की स्टिकर काढताना ज्वाळांचा रंगच सोलून निघतो, नाहीतर काचेत उन्हात टांगून लाल रंग पार विटवून टाकतात!! दुकानदाराला बोललं तर म्हणे आतली गोष्ट वाचता येते ना. अहो पण मी कव्हरसाठीच आलो होतो! मागे पेन्सिलने किंमत लिहायला काय जातं?